बेडकाच्या खाद्यासाठी घरात झुरळं नकोत

व्हिडिओ पाहून मुलं बेडूक पाळायचा हट्ट धरतात आणि त्याला खायला डब्यात झुरळं वाढवतात. डॉक्टर म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरात हे नको.

झुरळांची विष्ठा, लाळ आणि कात यांची बारीक धूळ होते. तिच्या अ‍ॅलर्जीने शिंका येतात, दमा बळावतो. झाकण लावून भागत नाही, कारण डबा साफ करताना धूळ उडतेच. जर्मन झुरळाच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात. एक मादी निसटली तरी स्वयंपाकघर भरतं. मग फवारणी होते, आणि ते विष झुरळातून बेडकाच्याही पोटात जातं.

बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हात लावूच देऊ नका. घरात कुणाला रात्री खोकला किंवा धाप लागत असेल, तर झुरळांचा डबा आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

आपल्या आलापल्लीत पावसाळ्यात धानाच्या बांधीत बेडूक भरपूर दिसतात. मुलांना तिथे न्या, बघू द्या, आणि बेडूक तिथेच राहू द्या.