विश्लेषण : माशाचा तुटलेला पर पुन्हा कसा उगवतो?

महाबळेश्वरला उगम पावून साताऱ्यातून सांगलीकडे वाहणाऱ्या कृष्णेत मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ मोठ्या संख्येने मासे मृतावस्थेत आढळले. तुटलेला पर पुन्हा उगवण्याची क्षमता असलेला हा जीव नदीत मात्र हतबल का ठरतो?

जखमेनंतर काय घडते?

झेब्राफिश या चिमुकल्या माशाच्या शेपटीवर याचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. पर तुटल्यावर काही तासांतच कडेच्या त्वचापेशी सरकून जखम झाकतात. त्याखाली एक-दोन दिवसांत वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींचा पुंजका तयार होतो. त्याला ‘ब्लास्टेमा’ म्हणतात. साधारण दोन ते तीन आठवड्यांत पर पूर्ववत होतो.

या पेशी येतात कुठून?

परातील काट्यांमध्ये हाड तयार करणाऱ्या पेशी आपले ठरलेले काम तात्पुरते सोडून काहीशा अपरिपक्व अवस्थेत परततात आणि विभाजित होतात. मात्र त्या आपले मूळ विसरत नाहीत. हाडाच्या पेशीपासून हाडच बनते, त्वचेच्या पेशीपासून त्वचाच.

किती वाढायचे, हे कसे कळते?

मुळाजवळ तुटलेला पर टोकाशी तुटलेल्या परापेक्षा वेगाने वाढतो. म्हणजे आपण नेमके कुठे आहोत, याची ‘स्मृती’ पेशींना असते. झेब्राफिशमध्ये काट्यांचा तळाचा भागच निघाला, तर पर सहसा उगवत नाही.

माणसाला याचा उपयोग काय?

माणसात जखम बहुधा व्रण ठेवून भरते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी झेब्राफिशच्या मणक्यांमधील चकतीचा अभ्यास केला. ‘सीसीएन२ए’ हे प्रथिन वय झालेल्या चकतीतही पेशींची पुनर्निर्मिती घडवते, असे या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पाठदुखीवरील उपचारांच्या दृष्टीने ही दिशा महत्त्वाची आहे.

मग नदीतले मासे का मरतात?

पेशी विभाजनाला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला ऑक्सिजन. सेंद्रिय सांडपाणी नदीत मिसळले, की ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि पाणी तापते. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. पर भरून यायला आठवडे लागतात, गुदमरायला काही तास पुरतात. माशाची पुनर्निर्मिती जखमेवरचा उपाय आहे, प्रदूषणावरचा नाही. तो सांडपाणी नदीत जाण्याआधीच करावा लागतो.