घरकुलाचा हप्ता कोणाच्या हाती?



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते आणि किडी यांविषयी बोलतो. आज घराविषयी बोलू.

मागच्या पंधरवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीची पाहणी करून परतत होतो. वाटेत एक अर्धे घर दिसले. खिडक्यांच्या माथ्यापर्यंत भिंती, वर आभाळ आणि आत एरंड माजलेला. शेजारच्या पत्र्याच्या खोपटात त्या घराच्या मालकीणबाई राहतात. शेतमजुरी करणाऱ्या, एकट्या मावशी. म्हणाल्या, "साहेब, बँकेत अंगठा माझाच लागला, पण नोटा मी मोजल्या न्हाईत."

मान खाली घालावी लागली, कारण घरकुल मंजूर झाले तेव्हा मीच त्यांना म्हणालो होतो, "मावशी, तुम्ही वाळू-सिमेंटच्या मागे कुठे धावणार? पैसे ठेकेदाराकडे जाऊ द्या, तो बांधून देईल." हेतू चांगला होता, पण सल्ला चुकला. दर हप्त्याला ठेकेदार त्यांना मोटारसायकलवर घेऊन जाई, अंगठा लावून घेई आणि रक्कम खिशात घाली. कागद काही नाही. मग तो दुसऱ्या कामावर निघून गेला. आता काम पुढे सरकल्याशिवाय पुढचा हप्ता नाही आणि पैशाशिवाय काम सरकत नाही.

१९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणने घेतली. त्या वेळी सपाट भागातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले. ही रक्कम टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाचे फोटो पाहून, थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होते. शासनाने ही घरे ठेकेदाराकरवी बांधू नयेत, लाभार्थ्याने आपल्या देखरेखीखाली बांधावीत, असा नियम आहे. ज्याला त्या घरात राहायचे आहे, तोच विटा नीट पारखून घेईल, हे त्यामागचे साधे कारण.

याची दुसरी बाजूही खरी आहे. हातात आलेला पैसा टिकत नाही. घरात आजारपण निघते, पेरणी तोंडावर येते, मुलीचे लग्न ठरते आणि हप्ता तिकडे वळतो. म्हणून "परस्पर दिलेलेच बरे" असे पुष्कळ जण म्हणतात. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज परस्पर कापले जाते, तेव्हा थकबाकीची चिंता मिटते. पण कपातीचा कागद आपल्यापैकी किती जण वाचतात? पैसा परस्पर गेला की हिशेबही परस्पर जातो.

तेव्हा पुढील गोष्टी सांभाळा :

१. पासबुक, एटीएम कार्ड किंवा सही केलेली स्लिप कोणाकडेही ठेवू नका. अंगठा लावण्यापूर्वी रक्कम विचारा. पावती घ्या, नोटा स्वतः मोजा.

२. हप्ता येण्याआधीच त्या टप्प्याचा खर्च वहीत लिहा. ती वही घरातील बाईमाणसांनाही दाखवा.

३. गवंड्याशी मजुरी कागदावर ठरवा, दोन साक्षीदार घ्या. झालेल्या कामाचेच पैसे द्या, मोठी उचल देऊ नका.

४. सिमेंट-सळईचे पैसे दुकानदाराला स्वतः द्या आणि बिल आपल्या नावाचे घ्या. म्हणजे पैसा इकडेतिकडे जाणार नाही आणि हिशेबही आपल्याकडे राहील.

५. एकट्या किंवा वृद्ध माणसाने बँकेत जाताना बचत गटातील विश्वासू बाई किंवा जवळचा नातेवाईक सोबत न्यावा. ज्याला पैसे द्यायचे आहेत, त्यालाच सोबती करू नये.

मावशींना घेऊन मी पंचायत समितीत गेलो. अर्ज दिला. घरकुलाचे अभियंता झालेल्या कामाची मोजणी करणार आहेत. पावसाळ्याआधी स्लॅब पडेल की नाही, आज सांगता येत नाही. ठेकेदार सापडला तरी पैसे सुटतीलच असे नाही, कारण आमच्या हाती त्याचा एकही कागद नाही.

आपल्या गावात कोणाला घरकुल मंजूर झाले असेल, तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवा. पुढील अंकात हरभऱ्याच्या काढणीविषयी पाहू.