सूर्याचे नाणे, बाजाराचा भाव

छपरावर हजार युनिट सौरवीज निर्माण करणाऱ्यास एक ‘सोलरकॉइन’ बक्षीस द्यावे, अशी योजना जानेवारी २०१४ मध्ये पुढे आली. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी उमटणाऱ्या, कोणा एकाला गुपचूप खाडाखोड करता न येणाऱ्या वहीत. कल्पना मोहक खरी. परंतु त्या नाण्याच्या मोबदल्यात एक युनिटही वीज देण्यास कोणी बांधील नव्हते. साहजिकच त्याचे मोल सट्टेबाजाराच्या लहरीवर ठरले. २०१७-१८ च्या तेजीत ते चढले, पुढे कोसळले. ऊन मात्र पूर्वीइतकेच पडत होते!

मग दोष वहीचा काय? मुळीच नाही. लखनौ येथे उत्तर प्रदेशच्या वीज महामंडळाने ऑस्ट्रेलियातील ‘पॉवर लेजर’ कंपनीच्या साह्याने एका छपरावरील शिल्लक वीज दुसऱ्या ग्राहकास विकण्याचा प्रयोग केला. हिशेब ब्लॉकचेनवरच होता. पण पलीकडे वीज वापरणारे खरेखुरे गिऱ्हाईक होते.

२०२४ मध्ये आरंभलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढणाऱ्या गृहस्थाने आभासी नाणी घेऊन करायचे काय? त्यांच्या विक्रीतील नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहेच. महाराष्ट्रात वर्षाअखेर शिल्लक राहिलेले युनिट वितरण कंपनी नेहमीच्या दरापेक्षा पुष्कळ कमी भावाने घेते. तेच शेजारच्या पिठाच्या गिरणीला रास्त दरात विकण्याची मुभा त्याला हवी आहे, आणि ती देणे वीज नियामक आयोगाच्या हाती आहे.