विश्लेषण : हायड्रोजन बसचे गणित प्लॅटिनमपाशी का अडते?

अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी पुण्या-मुंबईहून वर्षभर भाविक येतात. एवढ्या लांबच्या प्रवासात डिझेलला पर्याय म्हणून हायड्रोजन बसचे नाव घेतले जाते. या बसमधून धूर निघत नाही, निघते ती पाण्याची वाफ. मात्र तिची किंमत मोठी आहे. त्याचे एक कारण फ्युएल सेलमधील प्लॅटिनम.

फ्युएल सेल चालतो कसा?

एका बाजूने हायड्रोजन येतो. उत्प्रेरकावर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात, तीच वीज. पलीकडे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते.

प्लॅटिनमच का?

ऑक्सिजनची अभिक्रिया फार संथ असते, म्हणून त्या बाजूला प्लॅटिनम जास्त लागते. शिवाय पडदा आम्लधर्मी असल्याने लोखंड, निकेल यांसारखे स्वस्त धातू तेथे विरघळतात. प्लॅटिनम टिकते, पण जगातील बहुतांश उत्पादन एकट्या दक्षिण आफ्रिकेत होते.

मिश्रधातूने काय साधते?

प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळले की अणूंमधील अंतर किंचित घटते. ऑक्सिजनची पकड सैल होते आणि अभिक्रिया वेग घेते. अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेने 2007 मध्ये प्लॅटिनम-निकेलचा विशिष्ट स्फटिकपृष्ठ शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा दहापट सक्रिय असल्याचे दाखवले. टोयोटाच्या 2014 मधील मिराई मोटारीत प्लॅटिनम-कोबाल्ट मिश्रधातू होता. अडचण टिकाऊपणाची आहे. कोबाल्ट हळूहळू झिरपून पडद्यात शिरतो आणि सेलची क्षमता घटते. प्लॅटिनम पूर्णपणे वगळणारे लोह-नायट्रोजन-कार्बनचे उत्प्रेरक स्वस्त आहेत, पण तेही लवकर क्षीण होतात.

महाराष्ट्रात काय घडले?

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह ‘सीएसआयआर’ आणि ‘केपीआयटी’ यांनी विकसित केलेल्या फ्युएल सेल बसचे 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात अनावरण झाले. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी राज्यानेही स्वतंत्र धोरण आणले.

अक्कलकोटसाठी अर्थ काय?

सोलापूर-अक्कलकोट हे अंतर साधारण 40 किलोमीटर. एवढ्यासाठी बॅटरीची बस पुरते. हायड्रोजनचा उपयोग पुणे-मुंबईच्या लांब फेऱ्यांना, कारण टाकी काही मिनिटांत भरते. मात्र पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. कुरनूर धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या या तालुक्यात असा प्रकल्प आणायचा, तर आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागेल. मिश्रधातूमुळे बस स्वस्त होऊ शकेल. इंधन स्वस्त व्हायला वीज आणि पाणी दोन्ही परवडायला हवे.