यष्टीवरचा रुपया

रुपयाची किंमत आपल्या व्यापारी घरांतील मुलांना निराळी शिकवावी लागत नाही. रात्री गल्ला मोजताना वडिलांच्या शेजारी बसलेले मूल ती आपोआप शिकते. मेळ जुळला नाही तर एका रुपयासाठी वही पुन्हा उघडली जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी बालपणी पाहिले आहे. परंतु दादरच्या शिवाजी पार्कवर एक रुपया असा होता, की ज्याची नोंद कोणत्याही रोजमेळात करता आली नसती. शारदाश्रम विद्यामंदिराच्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर तो रुपया ठेवीत असत.

आचरेकर सर वर्गात खडू हाती घेणारे शिक्षक नव्हते. त्यांचा जन्म 1932 मध्ये मालवणचा. उपजीविकेसाठी ते स्टेट बँकेत नोकरी करीत. स्वतः खेळाडू असूनही प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या वाट्याला आला. आपल्याला जे मिळाले नाही त्याचे दुःख कुरवाळीत न बसता त्यांनी नोकरीबाहेरचा वेळ शाळकरी मुलांना दिला.

सरावाचा शेवटचा टप्पा आला, की सर सचिन तेंडुलकर या आपल्या विद्यार्थ्याच्या मागे यष्टीवर एक रुपया ठेवीत. जो त्याला बाद करील, रुपया त्याचा. कोणीच बाद करू शकले नाही, तर रुपया सचिनचा. सारे मैदान त्याच्याविरुद्ध उभे असे. दिवसभर खेळून शरीर थकलेले असताना चित्त एकाग्र ठेवण्याचा तो अभ्यास होता. सचिनने अशी तेरा नाणी मिळविली आणि पुढे कीर्ती व संपत्ती लाभल्यावरही ती जपून ठेवली. रुपया जिंकला म्हणून त्या दिवसाची सुटका होत नसे. पॅड आणि ग्लोव्ह्ज घालूनच मैदानाला दोन फेऱ्या माराव्या लागत.

असा गुरू विद्यार्थ्याकडून जसे मागतो, तसे त्याच्या घराकडूनही मागतो. 1984 च्या उन्हाळ्यात थोरला भाऊ अजित अकरा वर्षांच्या सचिनला सरांकडे घेऊन आला, तेव्हा पहिल्या चाचणीत मुलगा बावरला. अजितने विनविले, की सरांनी दुरून, त्याच्या नजरेआडून पाहावे. सरांनी ते मानले आणि मुलाला पारखले. पुढे त्यांनी शाळा बदलण्याचा सल्ला दिला, कारण जुन्या शाळेत क्रिकेटचा संघ नव्हता. वांद्र्याहून रोजचे येणेजाणे झेपेना, म्हणून मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. पुढे काय घडणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. एका शिक्षकाच्या पारखीवर विश्वास ठेवून त्यांनी आपले मूल दुसऱ्या घरी ठेवले. त्या विश्वासाचे मोल आज आपल्या लक्षात येते, कारण फळ डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी मात्र ते केवळ बीज होते.

सरांची शिस्त कठोर होती. एकदा ठरलेला सराव सामना सोडून सचिन आपल्या शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना पाहण्यास वानखेडे मैदानावर गेला. सर तेथे भेटले आणि सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी झाली. इतरांसाठी टाळ्या वाजविण्यापेक्षा स्वतःसाठी टाळ्या वाजतील असे खेळ, हा त्यांचा रोख होता. पण याच सरांनी त्याला स्कूटरच्या मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेले, हेही विसरता कामा नये. एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सामने त्याच्याकडून खेळवून घेतले. जो स्वतःचा दिवस विद्यार्थ्याला देतो, त्यालाच रागावण्याचा अधिकार पोहोचतो. आज आपण शुल्क भरतो आणि शिक्षकाने मुलाचे कौतुक करावे अशी अपेक्षा धरतो. मूल रागावले गेले, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाब विचारतो. या व्यवहारात आपण नेमके काय विकत घेत आहोत, याचा विचार व्हावयास हवा.

फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत आझाद मैदानावर सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. डाव घोषित करण्याचा निरोप येत होता आणि मुले सीमारेषेकडे पाहण्याचे टाळीत होती. अखेर सरांच्या आज्ञेपुढे त्यांना थांबावे लागले. साडेतीनशेला एकच धाव उरली होती. परंतु सामना संघाचा होता. विनोदनेच मग सहा बळी घेतले आणि प्रतिस्पर्ध्यांचा डाव 145 धावांत आटोपला.

सरांची थोरवी सांगताना आपण सचिन, विनोद, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर अशी नावे मोजतो. पण ही मूठभर झाली. त्यांच्यासह ज्या असंख्य मुलांनी शिवाजी पार्कच्या तांबड्या मातीत घाम गाळला, त्यांची नावे कोठेही छापून आली नाहीत. त्यांच्यावरील सरांचे श्रम खर्ची पडले असे समजावयाचे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझ्या शाळेतही एक सर होते. सकाळी गणित शिकवीत आणि संध्याकाळी खो-खोचा संघ घडवीत. संध्याकाळी मी दुकानावर हवा असे. एके दिवशी सर स्वतः दुकानाची पायरी चढून आले आणि वडिलांना म्हणाले, "शेठजी, रोज एक तास मला द्या. मुलगा परत देतो." वडिलांनी क्षणभर वहीत पाहिले आणि होकार दिला. मी मोठा खेळाडू झालो नाही. जिल्ह्यापलीकडे आमचा संघ कधी गेलाच नाही. परंतु खो मिळेपर्यंत उठावयाचे नाही आणि मिळाल्यावर क्षणही दवडावयाचा नाही, हे मी त्या चौकोनात बसून शिकलो. मंदीची दोन वर्षे पेढीवर काढताना मला तेच उपयोगी पडले. हे सरांना सांगावयाचे होते. हंगाम आटोपला की जाऊ, असे म्हणत राहिलो. एका हंगामात ते गेल्याचे कळले.

नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकर यांनी सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला "छान खेळलास" असे एकदाही म्हटले नाही. शिष्य गाफील होईल, ही त्यांची काळजी होती. 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010 मध्ये पद्मश्री लाभलेले सर 2 जानेवारी 2019 रोजी निवर्तले. त्यांना खांदा देणाऱ्यांत सचिन होते, आणि लहान मुलांनी बॅटी उंचावून आपल्या सरांना मानवंदना दिली. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कच्या प्रवेशद्वाराशी त्यांचे स्मारकही उभे राहिले.

आपल्या गावांतील सरांची स्मारके होणार नाहीत. पण त्यांच्यापैकी कित्येक अजून आपल्या जुन्या घरांत राहत आहेत. वाचकहो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मुलाला सोबत घ्या आणि अशा एखाद्या घराची पायरी चढा. त्यांनी आपल्याकडून काय करवून घेतले, ते मुलासमक्ष त्यांना सांगा. हंगाम आटोपण्याची वाट पाहू नका.