माणसावरचा शिक्का

टपाल खात्यातल्या माणसाला शिक्क्याचे महत्त्व सांगायला नको. पाकिटावरचा शिक्का ते कोठून आणि केव्हा निघाले एवढेच सांगतो. माणसावरही समाज शिक्के मारतो. पण तो शिक्का त्या माणसाने कोठपर्यंत जायचे, कोठे थांबायचे, कोणाच्या उंबरठ्याबाहेर उभे राहायचे हेही ठरवून टाकतो. आपल्या देशात असा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट शिक्का जातीचा आहे. तो कारखान्याच्या फाटकाशी, स्टेशनच्या दारात किंवा टपाल कचेरीच्या पायरीवर गळून पडतो, असा एक गोड समज कामगार चळवळीत आहे. तो समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

रेल्वे कामगारांनी यासाठी फार दूर जायला नको. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर १९०१ साली घडलेली एक घटना बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सुटीत वडिलांकडे निघालेला लहान भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले त्या स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले ब्राह्मणाची असावीत असे त्यांना वाटले होते. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला भीमरावाने सरळपणे 'आम्ही महार' असे उत्तर दिले, आणि मास्तरांचा चेहरा क्षणात पालटला. ते मुलांना तेथेच सोडून आपल्या खोलीत निघून गेले. पुढे एकही गाडीवान या मुलांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार.

या प्रसंगात काय बदलले? मुले तीच, कपडे तेच, बोलणे तेच, तिकीटही तेच. फक्त एक शब्द कानावर पडला. म्हणजे कलंक त्या मुलांच्या अंगावर नव्हता, तो पाहणाऱ्याच्या नजरेत होता. पण त्याची किंमत मात्र मुलांनी मोजली.

लपवण्याचे ओझे

१९६३ साली अमेरिकेत अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचे 'स्टिग्मा' म्हणजे 'कलंक' या विषयावरील पुस्तक निघाले. कलंकित ठरवलेल्या माणसांचे त्याने दोन प्रकार सांगितले. काहींची खूण उघड दिसते. काहींची दिसत नाही, पण केव्हाही उघडकीस येऊ शकते. या दुसऱ्या माणसाचे सारे आयुष्य कोणाला काय सांगायचे, काय नाही, किती आणि केव्हा, याचा हिशेब ठेवण्यात जाते.

त्याच १९६३ साली मराठीत बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. बागुलांनी रेल्वेत नोकरी केली होती. त्यांच्या शीर्षककथेतला तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. अमेरिकन पंडिताने जे शास्त्र म्हणून मांडले, ते मराठी रेल्वे कामगाराने अंगावरचे वळ म्हणून मांडले. दोघांचे म्हणणे एकच होते.

आजची गोष्ट वेगळी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी नव्याने बदलून आलेल्या सहकाऱ्याचे पहिले आठ दिवस आठवावेत. जात काय, असे आजकाल कोणी तोंडावर विचारत नाही. ते असभ्य ठरते. म्हणून आधी पूर्ण नाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते. तेही पुरले नाही तर 'गावात नेमके कुठे राहता?', 'कुलदैवत कोणते?', 'पाहुणे कुठले?' अशी गाडी एकेक स्टेशन घेत पुढे सरकते. उत्तर देणाऱ्यालाही ही गाडी कोठे जाऊन थांबणार ते पक्के ठाऊक असते. महाराष्ट्राबाहेर, इटारसी, हुबळी किंवा सिकंदराबादकडे बदली झालेल्या मराठी कामगाराला कधी कधी काही महिने मोकळा श्वास मिळतो, कारण तेथे त्याच्या आडनावाचा अर्थ कोणाला लागत नाही. मग मुलखाकडचा दुसरा कोणीतरी बदलून येतो आणि तो मोकळेपणा संपतो. खोली भाड्याने घेताना भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावावा की पेटीत ठेवावा, हा विचार ज्याला करावा लागतो त्यालाच त्या ओझ्याचे वजन कळते.

आणि शिक्का उघड झाल्यावर? मग त्याचे प्रत्येक वागणे त्या शिक्क्यातून वाचले जाते. तो उशिरा आला तर 'हे असेच', वेळेवर आला तर 'त्यांच्यात असूनही बरा आहे'. बढती मिळाली तर 'सरकारचे जावई'. सर्वांत बोचणारे वाक्य स्तुती म्हणून उच्चारले जाते: 'तुम्ही त्यातले वाटत नाही.' बोलणाऱ्याला आपण मोठेपणा दाखवला असे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र एका वाक्यात आपले आईबाप, आपली वस्ती, आपली माणसे नाकारायला सांगितलेले असते. हसून ते गिळावे की उत्तर देऊन 'तापट' ठरावे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात.

पत्त्यातली जात

टपाल कामगारांना या शिक्क्याचा परिचय पत्त्यावरून आहे. महारवाडा, मांगवाडा, ढोर वस्ती हे शब्द वर्षानुवर्षे पत्रावर लिहिले गेले आणि पोस्टमनने ते वाचले. माणसाची ओळख पटवण्यासाठी त्याच्या अपमानाचाच पत्ता वापरला जात होता. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम अमलात आल्याला तेव्हा सत्तर वर्षे होऊन गेली होती.

अकरा राज्यांतील ५६५ गावांच्या अस्पृश्यतेविषयीच्या पाहणीचा ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या गावांत दलितांच्या घरी जाऊन पत्र दिले जात नसल्याचे आढळले. पत्राला पूर्ण तिकीट लावलेले असते. खात्याचा नियम सर्वांना सारखा असतो. तरीही पत्र वस्तीच्या अलीकडेच थांबते. ज्या पोस्टमनने ऊन-पाऊस न पाहता देशातल्या शेवटच्या माणसाला जोडले, त्याच्या व्यवसायाच्या इज्जतीलाच हे आव्हान आहे.

शिक्का आणि पगार

काही साथी म्हणतील, हा मनाचा, संस्काराचा प्रश्न आहे. संघटनेने पगार, बोनस, पेन्शन पाहावे. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते दलितांना बंद होते. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या धाग्याला लागलेली थुंकी इतरांना 'विटाळ' वाटे. म्हणजे थुंकीच्या कल्पनेवर मजुरीचा दर ठरत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. गँगमन म्हणून लागलेला दलित कामगार जन्मभर गँगमनच राहतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. त्याला पोर्टर करीत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागे आणि अस्पृश्य माणूस घरात चालत नसे. बढतीचा रस्ता स्वयंपाकघराच्या दारात अडला होता! कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी याच परिषदेत सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण समाजाची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, आणि तो सर्व वर्गांत भिनलेला आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. कामगारांत फूट पाडता, या आरोपाला त्यांचे उत्तर होते की फूट आधीचीच आहे आणि ती बुजवायची तर तिचे मूळ काढले पाहिजे.

आज गँगमनचा ट्रॅक मेंटेनर झाला, ग्रुप डीचा मल्टी टास्किंग स्टाफ झाला. नावे बदलली हे चांगलेच झाले. पण रुळांवरची, फलाटावरची, डब्यांतली सफाई कोण करते ते पाहा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वे रूळ असा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यातच सारे आले. डब्यांना जैव-शौचालये बसल्याने रुळांवरची घाण कमी झाली, हे मान्य. पण सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले आणि त्याबरोबर माणसेही खात्याच्या हजेरीपटावरून बाहेर गेली. माणसे बहुतांशी त्याच वस्त्यांतली. आता मात्र त्यांना बढती नाही, पास नाही, क्वार्टर नाही. ज्या कामावर समाजाचा शिक्का आहे ते काम स्वस्तात काढून घेणे कंत्राटदाराला सोपे जाते, कारण त्या कामगाराच्या बाजूने बोलायला शेजारचा कामगारही पुढे येत नाही. मालकवर्गाला यापेक्षा स्वस्त हत्यार कोणते हवे?

शाखेने काय करावे

मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या संघटना का झाल्या, असा प्रश्न संतापाने विचारला जातो. तो संताप न करता विचारावा. ज्याची तक्रार युनियनच्या टेबलावर 'वैयक्तिक बाब' ठरते, तो दुसरे टेबल शोधणारच. त्याला परत आणायचे असेल तर भाषणातली एकजूट पुरणार नाही.

काही गोष्टी शाखेच्या हातात आहेत. जातीवरून टोमणा, वेगळा पेला, वेगळी पंगत अशी तक्रार आली तर ती शिस्तीचा आणि सेवाशर्तींचा प्रश्न म्हणून शाखेने लेखी हाती घ्यावी. तक्रारदाराला एकटे कचेरीत पाठवू नये. बढतीची बिंदुनामावली सर्व सभासदांपुढे वाचली जावी, म्हणजे 'जावई' म्हणणाऱ्याला नियम कळेल आणि हक्कदाराला मान खाली घालावी लागणार नाही. कंत्राटी सफाई कामगारांचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि हातमोजे-बूट या मागण्या कायम कामगारांच्या मागण्यांबरोबर एकाच पत्रकात याव्यात. पोस्टमन साथींनी पत्र वस्तीच्या अलीकडे न ठेवता दारात द्यावे आणि त्याबद्दल गावात कोणी त्रास दिला तर संघटनेने त्यांच्यामागे उभे राहावे. आणि १४ एप्रिलचा कार्यक्रम 'त्यांचा' म्हणून सोडून न देता शाखेचा म्हणून व्हावा.

मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपात सरकारने रेल्वे कामगारांची बिऱ्हाडे क्वार्टरबाहेर काढली. रस्त्यावर आलेल्या भांड्यांना तेव्हा जात नव्हती. संकटात जी एकी आपोआप होते ती एरवीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर, रनिंग रूमच्या जेवणात, पत्राच्या पिशवीत टिकवावी लागते. पुढच्या शाखा सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात न टाकता पहिल्या पाचांत यावा, एवढीच प्रत्येक शाखा सचिवाकडे आग्रहाची मागणी आहे.