विश्लेषण : अमरावती, अकोल्याची आजची लोकसंख्या किती? दोन जनगणनांमधील अंदाज आणि त्याची किंमत

अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या किती, असे मोबाइलवर शोधले की बहुतेक ठिकाणी २८ लाख ८८ हजार ४४५ हा आकडा समोर येतो. अकोल्याचे उत्तर येते १८ लाख १३ हजार ९०६. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते १ मार्च २०११ चे. त्या दिवशी जन्मलेले मूल आज दहावीच्या वयाचे झाले आहे. करोनामुळे २०२१ ची जनगणना लांबली आणि तेव्हापासून या जिल्ह्यांचा कारभार अंदाजावर चालला आहे. हा अंदाज काढण्याचे गणित शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. ते कुठे चालते आणि कुठे फसते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

गणित नेमके काय आहे?

दोन ठिकाणचे आकडे माहीत असतील, तर मधला आकडा सरळ रेषेने काढता येतो. याला इंटरपोलेशन म्हणतात, मराठीत रेषीय अंतर्वेशन. अकोला जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ३० हजार २३९ होती, २०११ मध्ये १८ लाख १३ हजार ९०६ झाली. दहा वर्षांत वाढ १ लाख ८३ हजार ६६७, म्हणजे वर्षाला सुमारे १८ हजार ३६७. मग मार्च २००५ मध्ये जिल्ह्यात किती लोक होते? चार वर्षांची वाढ ७३ हजार ४६७. ती २००१ च्या आकड्यात मिळवली की उत्तर येते १७ लाख ३ हजार ७०६.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : दरवर्षी वाढ सारखीच झाली. प्रत्यक्षात तसे कधीच होत नाही. अकोल्याच्या उन्हाचेच पाहा. पहाटे साडेपाचचे आणि संध्याकाळी साडेपाचचे तापमान घेऊन मधल्या वेळेचा अंदाज रेषेने काढला, तर दुपारी अडीचचा चटका त्यात दिसणारच नाही. खुणा जवळजवळ असतील तर रेषा फारशी चुकत नाही. त्या लांब गेल्या की मधले चढउतार हरवतात.

पहिला सापळा : जिल्हा तोच आहे का?

१९९१ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवर होती. २००१ मध्ये ती १६ लाखांवर आली. या दोन आकड्यांमध्ये रेषा ओढली तर अकोल्यातून दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे कमी होत गेली, असा निष्कर्ष निघेल. माणसे कुठेच गेली नव्हती. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला होता. रेषा ओढण्याआधी दोन्ही टोकांचे आकडे एकाच भूभागाचे आहेत का, हे तपासावे लागते. कॅल्क्युलेटर ते तपासत नाही.

दुसरा सापळा : मधला अंदाज की पुढचा?

माहीत असलेल्या दोन वर्षांच्या मधले उत्तर काढणे म्हणजे अंतर्वेशन. तीच रेषा पुढे लांबवून नंतरच्या वर्षाचे उत्तर काढणे म्हणजे बहिर्वेशन. दोन्हींत किती फरक पडतो, हे अमरावतीच्याच तीन जनगणनांवरून तपासता येते. जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये २२ लाख ५७, २००१ मध्ये २६ लाख ७ हजार १६० आणि २०११ मध्ये २८ लाख ८८ हजार ४४५ होती.

समजा, २००१ मध्ये एखाद्या अधिकाऱ्याने मागच्या दहा वर्षांचा वेग धरून २०११ चा अंदाज बांधला असता. उत्तर आले असते ३० लाख १४ हजार. प्रत्यक्ष मोजणीत लोक निघाले त्याहून सुमारे १ लाख २६ हजार कमी, कारण दशकातील वाढ साडेअठरा टक्क्यांवरून पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास आली होती. रेषेला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

आता उलटे धरू. समजा, २००१ ची जनगणना झालीच नसती आणि १९९१ व २०११ च्या आकड्यांवरून मधले वर्ष काढले असते. उत्तर आले असते २५ लाख ४४ हजार. खऱ्या आकड्यापेक्षा सुमारे ६३ हजार कमी. चूक निम्म्यावर आली, पण संपली नाही. मैदानी भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. म्हणजे एक जनगणना हुकली असती, तर दोन आरोग्य केंद्रांना पुरतील एवढी माणसे कागदावरून गळाली असती.

आज आपण कुठे उभे आहोत?

नवी जनगणना दोन टप्प्यांत आहे. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ आहे, तर माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. जुनाच वेग धरला तर त्या दिवशी अमरावती जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार आणि अकोल्यात २१ लाख ८ हजार लोक असतील. हे आकडे छातीठोकपणे सांगण्यासारखे नाहीत. ते बहिर्वेशनातून आलेले आहेत, तेही दहा वर्षांच्या रेषेवरून पुढच्या सोळा वर्षांसाठी. मागच्या वेळी दहा वर्षांतच सव्वा लाखाची चूक निघाली असती, हे विसरून चालणार नाही.

२०२७ चा आकडा हाती आला की २०११ नंतरची सगळी वर्षे दोन खुणांच्या मध्ये येतील. तरी त्या खुणांमधील अंतर सोळा वर्षांचे असेल. करोनाकाळातील मृत्यू, टाळेबंदीत गावी आलेले आणि पुन्हा पुण्या-मुंबईकडे गेलेले तरुण, यातले काहीही त्या रेषेवर उमटणार नाही. चिखलदरा, धारणी या मेळघाटातील तालुक्यांना जिल्ह्याची सरासरी लावणे तर आणखी धोक्याचे आहे.

सामान्य माणसाला फरक काय पडतो?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. राज्यात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, ही मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी आहे. तिथूनच इष्टांक जिल्ह्याला आणि तालुक्याला वाटून येतो. त्यानंतर लग्न होऊन वेगळ्या झालेल्या कुटुंबाला तहसील कार्यालयात ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळते, तेव्हा त्यामागे पंधरा वर्षांपूर्वीची मोजणी असते. जानेवारी २०२६ मधील महापालिका निवडणुकीची प्रभागरचनाही २०११ च्याच लोकसंख्येवर झाली.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या आहेत. कुठे जुना आकडा आजचा म्हणून वापरला जातो, तर कुठे लांबवलेल्या रेषेचा आकडा मोजणीच्या तोऱ्यात सांगितला जातो. पहिल्यात वाढ शून्य धरली जाते, दुसऱ्यात ती कायम सारखी. सरळ रेषेचा अंदाज निदान शून्यापेक्षा बरा. पण तो वापरताना तो अंदाज आहे, असे लिहिलेच पाहिजे.

मग करायला काय हवे?

पाणीपुरवठा, आरोग्य किंवा धान्याच्या प्रत्येक सरकारी आराखड्यात लोकसंख्येच्या आकड्यापुढे तीन गोष्टी छापाव्यात : तो मोजलेला आहे की काढलेला, कोणत्या दोन वर्षांवरून काढला आणि किती चुकू शकतो. जिल्ह्यातील जन्म-मृत्यू नोंदी आणि शाळांची पटसंख्या लावून तो दरवर्षी तपासावा. स्थलांतर त्यात पूर्ण सापडणार नाही, तरी नुसत्या रेषेपेक्षा चित्र बरे येईल. आणि नवी मोजणी जाहीर होताच इष्टांक बदलण्याची तारीख आधीच ठरवून ठेवावी. नाहीतर २०२७ चा आकडा अहवालात राहील आणि तालुक्याची यादी २०११ मध्येच अडकून पडेल.

तोवर कुणी ‘अमरावतीची लोकसंख्या ३३ लाख’ असे ठासून सांगितले, तर एवढेच विचारावे : हे कधी मोजले?